गॅमा किरण स्फोट अवकाशातून कसे टिपतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅमा किरण स्फोट म्हणजे नक्की काय?

आकाशातल्या एखाद्या ठिकाणाहून अचानक गॅमा किरणांचा, म्हणजे प्रकाशाच्याच सर्वांत जास्त ऊर्जेच्या प्रकाराचा, लोंढा येतो. तो सेकंदाच्या काही शतांश भागापासून काही मिनिटांपर्यंत टिकतो आणि ओसरतो. तेवढ्या वेळात गॅमा किरणांच्या आकाशात त्याच्याइतकं तेजस्वी दुसरं काहीही नसतं. सूर्याच्या कितीतरी पट वस्तुमानाच्या, वेगाने फिरणाऱ्या ताऱ्याचा गाभा कोसळला, किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन झाले, की असा स्फोट होऊ शकतो. दोन्ही प्रकारांत मधोमध बहुधा कृष्णविवर तयार होतं आणि त्याच्या दोन ध्रुवांकडून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पदार्थाचे अरुंद झोत बाहेर पडतात. झोत आपल्या दिशेने रोखलेला असेल तरच आपल्याला स्फोट दिसतो. म्हणजे जे दिसतात त्यांच्यापेक्षा न दिसणारे शेकडो पटींनी जास्त असणार.

त्यासाठी अवकाशातच का जावं लागतं?

कारण आपलं वातावरण. डोक्यावरची हवा वजनाच्या हिशेबाने सुमारे १० मीटर खोल पाण्याच्या थराइतकी भरते आणि स्फोटातले गॅमा किरण तेवढा थर पार करू शकत नाहीत. उंच उडणारे बलून काही तास उपयोगी पडतात. पण स्फोट कधी होणार हे माहीत नसताना काही तासांचं निरीक्षण फारसं कामाचं नाही. वर्षानुवर्षं, दिवसरात्र आकाशाकडे टक लावून बसणारं यंत्र हवं, आणि ते वातावरणाच्या वरच ठेवावं लागतं.

एक अपवाद आहे. अतिप्रचंड ऊर्जेचा गॅमा कण वातावरणात शिरला की दुय्यम कणांचा वर्षाव होतो आणि तो जमिनीवरून टिपता येतो. २०१९ च्या जानेवारीत कॅनरी बेटांवरच्या मॅजिक दुर्बिणींनी एका स्फोटाचे असे कण पकडले. मात्र त्या दुर्बिणी त्या दिशेला वळल्या त्या उपग्रहाने इशारा दिला म्हणूनच.

पहिला स्फोट कुणी शोधला?

ज्यांना तो शोधायचाच नव्हता त्यांनी. १९६३ च्या करारानुसार वातावरणात, अवकाशात आणि पाण्याखाली अणुचाचण्या करायला बंदी आली. तो करार पाळला जातोय की नाही हे पाहण्यासाठी अमेरिकेने 'वेला' नावाचे उपग्रह जोडीजोडीने सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी गॅमा किरणांची एक झळ नोंदवली, पण ती अणुस्फोटासारखी नव्हती.

पुढच्या वेला उपग्रहांची घड्याळं जास्त काटेकोर होती. तीच झळ वेगवेगळ्या उपग्रहांवर किती फरकाने पोचली, यावरून अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या क्लेबसाडेल, स्ट्राँग आणि ओल्सन यांनी दिशांचा अंदाज बांधला. या झळा पृथ्वीकडून येत नव्हत्या आणि सूर्याकडूनही येत नव्हत्या. १९७३ मध्ये त्यांनी अशा १६ स्फोटांची माहिती प्रसिद्ध केली. पहिल्या शोधनिबंधातच खरा मुद्दा 'कुठून?' हा होता हे लक्षात घ्या. या विषयाचा पुढचा सगळा इतिहास त्याच प्रश्नाभोवती फिरतो.

गॅमा किरण टिपतात कसे? साधी दुर्बीण का चालत नाही?

गॅमा किरण आरशावरून परावर्तित होत नाहीत, सरळ आरपार जातात किंवा आत शोषले जातात. भिंगानेही ते एकत्र आणता येत नाहीत. त्यामुळे 'फोटो काढणं' हा मार्ग बंद होतो आणि एकेक कण मोजणं एवढंच हातात राहतं.

सर्वांत जुना आणि अजूनही भरवशाचा मार्ग म्हणजे सोडियम आयोडाइडचा स्फटिक. त्यात गॅमा कण शिरला की बारीकसा प्रकाश चमकतो. मागे लावलेली प्रकाशवर्धक नळी त्या चमकेचं विद्युत स्पंदात रूपांतर करते आणि स्पंद जितका मोठा तितकी कणाची ऊर्जा जास्त. २००८ मध्ये सोडलेल्या फर्मी उपग्रहावरच्या जीबीएम या उपकरणात असे १२ स्फटिक आहेत. जास्त ऊर्जेच्या कणांसाठी बिस्मथ जर्मनेटचे आणखी २ आहेत. सगळे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवले आहेत, का ते पुढे येईलच.

दुसरा मार्ग अर्धवाहकाचा. कॅडमियम झिंक टेल्युराइडच्या छोट्या चकत्यांमध्ये गॅमा कण शिरला की थेट विद्युतभार निर्माण होतो. चकत्या लहान असल्यामुळे कण कुठे पडला हेही कळतं. स्विफ्ट उपग्रहावर अशा ३२,७६८ चकत्या आहेत. भारताच्या ॲस्ट्रोसॅटवरही याच पदार्थाचं उपकरण आहे.

तिसरा मार्ग फर्मीवरच्या मोठ्या दुर्बिणीत, म्हणजे लॅटमध्ये वापरला आहे. फार मोठ्या ऊर्जेचा गॅमा कण टंगस्टनच्या पातळ पत्र्यात शिरला की त्यातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी जोडी जन्माला येते. सिलिकॉनच्या थरांवर या जोडीचा माग काढला की मूळ कण कोणत्या दिशेने आला ते मागे मोजत नेता येतं. बुद्धीला फार समाधान देणारी पद्धत आहे ही, पण इतक्या ऊर्जेचे कण थोड्याच स्फोटांतून मिळतात.

मग स्फोट कुठून आला, हे कसं ठरवतात?

सगळी हुशारी इथे खर्ची पडते. तीन युक्त्या आहेत.

पहिली युक्ती तुलनेची. स्फटिकाचं तोंड स्फोटाकडे असेल तर त्यात जास्त कण पडतात, कलतं असेल तर कमी. वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेल्या स्फटिकांतली मोजणी ताडून पाहिली की ढोबळ दिशा निघते. फायदा असा की पृथ्वीने झाकलेला भाग सोडला तर उरलेलं सगळं आकाश एकाच वेळी नजरेखाली राहतं. तोटा असा की दिशेत काही अंशांची चूक राहते. पूर्ण चंद्राचा व्यास अर्धा अंश भरतो, म्हणजे काही अंशांच्या पट्ट्यात कितीतरी पौर्णिमेचे चंद्र मावतील. त्या पट्ट्यात दीर्घिका तर अगणित असतात.

दुसरी युक्ती सावलीची, आणि माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत सुंदर. स्विफ्टच्या चकत्यांच्या वर साधारण एक मीटर अंतरावर शिशाच्या सुमारे ५२,००० छोट्या तुकड्यांची एक जाळी बसवली आहे. तुकडे मुद्दाम अनियमित मांडले आहेत. खिडकीच्या जाळीची सावली उन्हाच्या दिशेप्रमाणे जमिनीवर सरकते, तशी या जाळीची सावली स्फोटाच्या दिशेप्रमाणे चकत्यांवर सरकते. मांडणी अनियमित असल्यामुळे प्रत्येक दिशेची सावली वेगळी पडते, एकीची गल्लत दुसरीशी होत नाही. कोणती सावली पडली ते उपग्रहावरचा संगणक शोधून काढतो आणि दिशा काही कलांपर्यंत नेमकी मिळते. ६० कला म्हणजे एक अंश, यावरून पहिल्या युक्तीपेक्षा ही किती सरस आहे ते कळेल. किंमत मोजावी लागते ती वेगळीच: जाळीतून आकाशाचा जेमतेम सहावा भाग दिसतो.

तिसरी युक्ती घड्याळांची. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. दोन यानं एकमेकांपासून खूप दूर असली तर एकच स्फोट दोघांना थोड्या फरकाने दिसतो. त्या फरकावरून आकाशात एक वर्तुळ मिळतं आणि स्फोट त्या वर्तुळावर कुठेतरी असतो. तिसरं यान आलं की दुसरं वर्तुळ मिळतं आणि ती दोन वर्तुळं दोनच ठिकाणी छेदतात. शुक्राभोवती फिरणारं पायोनियर, मंगळाभोवतीचं मार्स ओडिसी, सूर्याकडच्या बाजूला असलेलं विंड अशा मुळात दुसऱ्याच कामासाठी गेलेल्या यानांनी हे काम केलं आहे. उत्तर फार अचूक मिळतं, पण दूरच्या यानाची माहिती पृथ्वीवर पोचेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो.

नजर रुंद, दिशा नेमकी आणि उत्तर तातडीचं, ही तिन्ही एकाच यंत्रात अजून कुणाला पुरेपूर साधलेली नाहीत.

स्फोट झाला हे उपग्रह स्वतः ओळखतो?

हो, जमिनीवरून कुणी सांगायची वाट पाहत बसला तर संपलंच. संगणक पार्श्वभूमीची मोजणी सतत करत असतो. गॅमा किरणांचं आकाश कधीच पूर्ण शांत नसतं. काही मिलिसेकंदांपासून काही सेकंदांपर्यंतच्या निरनिराळ्या कालखंडांत, मोजणी नेहमीपेक्षा ठरावीक मर्यादेच्या वर गेली का, हे तो तपासत राहतो. फर्मीच्या जीबीएममध्ये निदान दोन स्फटिकांनी एकदम ही उडी दाखवावी लागते, एकट्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जात नाही. स्विफ्ट आणखी एक पायरी चढतो. मोजणी वाढली की तो सावलीवरून आकाशाचं चित्र तयार करतो आणि त्यात खरोखर नवा ठिपका दिसला तरच इशारा पाठवतो.

खोटे इशारे येतात का?

भरपूर येतात, आणि त्यांतले काही खोटे असूनही मौल्यवान ठरतात. सूर्यावरची वादळं नेहमीची गिऱ्हाइकं. दक्षिण अटलांटिक महासागरावर पृथ्वीचा किरणोत्सारी पट्टा खाली उतरलेला आहे. तिथून जाताना कणांचा इतका मारा होतो की अनेक उपकरणं तेवढा वेळ बंदच ठेवतात. आपल्याच आकाशगंगेतली कृष्णविवरंही मधूनच खवळतात. २०१५ च्या जूनमध्ये व्ही४०४ सिग्नी या जोडताऱ्याने उपग्रहांना पुन्हा पुन्हा जागं केलं होतं.

कॉम्प्टन या अवकाशातल्या वेधशाळेवरच्या बॅट्सी या उपकरणाला तर काही झळा चक्क खालून, पृथ्वीकडून येताना दिसल्या. त्या विजांच्या गडगडाटी ढगांमधून निघत होत्या. गडगडाटी ढगांतून अवकाशाकडे अशा गॅमा झळा निघतात हे १९९४ मध्ये असं कळलं, आणि तेही दूरच्या विश्वासाठी बनवलेल्या यंत्रामुळे.

इशारा गेल्यावर पुढे काय होतं?

स्फोट विझला तरी त्याच्या जागी क्ष-किरणांत, दृश्य प्रकाशात आणि रेडिओ लहरींत एक चमक मागे राहते. तिला आफ्टरग्लो म्हणतात. ढोबळमानाने दहापट वेळ गेला की ती एक दशांश उरते. म्हणून सुरुवातीचा एकेक मिनिट मोलाचा.

स्विफ्टची रचना याच घाईसाठी झाली आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये सोडलेला हा उपग्रह स्फोटाची दिशा कळताच जमिनीवरच्या परवानगीसाठी न थांबता स्वतःच वळतो आणि साधारण दीड मिनिटात आपली क्ष-किरण आणि अतिनील दुर्बीण त्या जागेवर रोखतो. तोपर्यंत जागेचा पहिला अंदाज जीसीएन या इशारे वाटणाऱ्या जाळ्यातून जगभर गेलेला असतो. जमिनीवरच्या कित्येक यांत्रिक दुर्बिणी माणसाचा हात न लागता त्या दिशेला वळतात. जून २०२४ मध्ये चीन आणि फ्रान्सने सोडलेला स्वोम उपग्रह आणखी एक शहाणपण करतो. तो शक्यतो सूर्याच्या विरुद्ध दिशेला पाहत राहतो, म्हणजे त्याला सापडलेला स्फोट जमिनीवर जिथे रात्र आहे तिथल्या दुर्बिणींना लगेच पाहता येतो. साधी गोष्ट आहे, पण सुरुवातीपासून कक्षेचा आणि निरीक्षणाचा बेत त्याभोवती आखावा लागतो.

हे स्फोट इतक्या दूरचे आहेत, हे कसं कळलं?

तब्बल तीस वर्षांनी कळलं. १९९१ मध्ये बॅट्सीने काम सुरू केलं आणि साधारण दिवसाला एक या गतीने २,७०४ स्फोट नोंदवले. आठ कोपऱ्यांवर आठ शोधक, पहिल्या युक्तीचं हे उत्तम उदाहरण. एकेका स्फोटाची जागा ढोबळ असली तरी सगळे मिळून आकाशात सारखे विखुरलेले दिसले. ते आकाशगंगेतले असते तर तिच्या पट्ट्यात दाटलेले दिसले असते. तरीही वाद मिटला नाही. एप्रिल १९९५ मध्ये वॉशिंग्टनला जाहीर वादसभा झाली. स्फोट विश्वाच्या दूरच्या भागातले आहेत अशी बाजू बोदान पाचिन्स्की यांनी मांडली, तर आकाशगंगेच्या विस्तीर्ण प्रभामंडळातले, म्हणजे तिला वेढणाऱ्या गोलाकार भागातले आहेत अशी डॉन लॅम्ब यांनी.

निकाल लावला इटली आणि नेदरलँड्सच्या बेपोसॅक्स या उपग्रहाने. त्याला २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटाचा क्ष-किरणांतला आफ्टरग्लो सापडला आणि त्या जागेवर दृश्य प्रकाशातही विझत जाणारा ठिपका मिळाला. त्याच वर्षी ८ मे रोजी झालेल्या स्फोटाचा वर्णपट केक दुर्बिणीने घेतला. त्यातली ताम्रसृती, म्हणजे विश्व प्रसरण पावल्यामुळे प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला याचं माप, निदान ०.८३५ भरली, म्हणजे प्रकाश कित्येक अब्ज वर्षं प्रवास करून आला होता. पाचिन्स्की बरोबर ठरले. शेकडो स्फोटांच्या संख्याशास्त्राने जे मिटलं नाही ते एकाच स्फोटाच्या नेमक्या पत्त्याने मिटलं.

लघु आणि दीर्घ स्फोट असा भेद अजून मानतात का?

मानतात, पण पूर्वीइतक्या विश्वासाने नाही. दोन सेकंदांच्या आतले लघु, ते न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलयातून. त्याहून लांबलेले दीर्घ, ते कोसळणाऱ्या ताऱ्यांतून, अशी वाटणी पाठ्यपुस्तकात असते. डिसेंबर २०२१ आणि मार्च २०२३ मधल्या दोन दीर्घ स्फोटांमागे मात्र विलयाच्याच खुणा सापडल्या. त्यांतल्या दुसऱ्याच्या वर्णपटात जेम्स वेब दुर्बिणीला टेल्युरियम या जड मूलद्रव्याची खूण दिसली. घड्याळ पाहून स्फोटाची जात ठरवू नये, हे आता बहुतेकांना मान्य आहे.

२०१७ चा स्फोट एवढा गाजला तो का?

१७ ऑगस्ट २०१७ ला लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलयाच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे खुद्द अवकाशात उठलेले सूक्ष्म तरंग, टिपल्या आणि १.७ सेकंदांनी फर्मीच्या जीबीएमला एक लघु स्फोट दिसला. स्फोट म्हणून तो अगदीच किरकोळ होता. एकटा आला असता तर यादीतली एक ओळ होऊन राहिला असता. पण लहरींनी आखलेला आणि फर्मीने आखलेला आकाशाचा भाग जुळला. सुमारे अकरा तासांनी चिलीतल्या स्वोप दुर्बिणीने एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा ठिपका शोधला. अंतर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं. एवढ्या प्रवासानंतर दोन्ही निरोपांत फरक पावणेदोन सेकंदांचा! गुरुत्वीय लहरी आणि प्रकाश यांचा वेग सारखाच आहे, याचा इतका कडक पुरावा त्याआधी नव्हता.

आणि ऑक्टोबर २०२२ चा?

तो दुसऱ्या टोकाचा. ९ ऑक्टोबर २०२२ चा, म्हणजे जीआरबी २२१००९ए, आतापर्यंत नोंदलेला सर्वांत तेजस्वी स्फोट आहे. असा योग दहा हजार वर्षांतून एकदा येत असावा, असा अंदाज आहे. फर्मीचे शोधक इतके भरून गेले की मोजणीच कोलमडली. पृथ्वीच्या आयनांबरातही, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातही, त्याने खळबळ माजवली, आणि हे सगळं सुमारे १९० कोटी वर्षं प्रवास करून आलेल्या किरणांनी.

गंमत म्हणजे स्फोटाच्या क्षणी तो भाग स्विफ्टच्या नजरेत नव्हता. जवळपास तासाभराने त्याला मागची चमक दिसली, आणि ती इतकी प्रखर होती की आधी आपल्याच आकाशगंगेतली नवी वस्तू समजली गेली. मोठमोठी उपकरणं दिपून गेली असताना जीआरबीअल्फा या दहा सेंटिमीटरच्या उपग्रहाने शिखराची नीट मोजणी केली. त्याचा शोधक इतका छोटा होता की भरून जाण्याएवढे कण त्यात पडलेच नाहीत. मोठं तेच चांगलं असं समजणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावं.

दिशा आणि ऊर्जेखेरीज आणखी काही मोजता येतं?

ध्रुवण, म्हणजे किरणांच्या लहरी कोणत्या दिशेत कंप पावतात ते, मोजता येतं, पण फार कष्टाने. गॅमा कण एका चकतीत आदळून उडतो आणि शेजारच्या चकतीत शोषला जातो. तो कोणत्या बाजूला उडण्याकडे कल दिसतो, यावरून ध्रुवणाचा अंदाज येतो आणि झोतातलं चुंबकीय क्षेत्र कसं आहे याचा सुगावा लागतो. ॲस्ट्रोसॅटचं सीझेडटीआय हे उपकरण यासाठी नावाजलं गेलं. किरणांची ऊर्जा १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर गेली की त्याच्या भिंती गॅमा किरणांना पारदर्शक होतात, त्यामुळे समोरचेच नव्हे तर आजूबाजूचे स्फोटही त्याला दिसतात. ६ ऑक्टोबर २०१५ ला, कामाच्या पहिल्याच दिवशी, त्याने एक स्फोट नोंदवला होता.

पृथ्वीला धोका आहे का?

जवळपास काही हजार प्रकाशवर्षांत असा स्फोट झाला आणि झोत नेमका आपल्यावर रोखलेला असला, तर ओझोनच्या थराचं मोठं नुकसान होऊ शकेल. सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वीच्या एका जीवसंहाराचं कारण हेच असावं असं काहींनी सुचवलं आहे, पण त्याला थेट पुरावा नाही. झोप उडवण्यासारखं काही नाही.

साध्या डोळ्यांनी स्फोट दिसू शकतो?

एकदा दिसण्याजोगा होता. १९ मार्च २००८ च्या स्फोटाचा दृश्य प्रकाश काही सेकंद ५.३ प्रतीपर्यंत (प्रत हे ताऱ्यांच्या तेजाचं माप) पोचला. अंधाऱ्या आकाशाखाली, त्याच दिशेला पाहणाऱ्याला, तो अंधूक ताऱ्यासारखा दिसला असता. प्रकाश ७५० कोटी वर्षांपूर्वी निघालेला, म्हणजे तेव्हा पृथ्वीही जन्मायची होती.

नावं अशी आकड्यांची का असतात?

जीआरबी, मग वर्ष, महिना आणि दिवसाचे दोन दोन अंक, आणि त्या दिवशीचा कितवा हे सांगणारं अक्षर. २२१००९ए म्हणजे २०२२, ऑक्टोबर, ९ तारीख, पहिला. ही वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार असते, त्यामुळे तुमच्या घरच्या कॅलेंडरवर तारीख एका दिवसाने वेगळी निघू शकते.

हौशी माणसाला यात काही करता येतं?

येतं. जीसीएनचे इशारे कुणालाही फुकट मिळतात आणि फर्मी व स्विफ्टची माहिती सगळ्यांसाठी खुली आहे. चांगला कॅमेरा लावलेल्या छोट्या दुर्बिणीतून हौशी निरीक्षकांनी तेजस्वी आफ्टरग्लो टिपले आहेत. त्यासाठी दुर्बीण किती मोठी यापेक्षा तुम्ही किती लवकर पोचता हे महत्त्वाचं. दुर्बीण नसेल तर जुन्या स्फोटांचे आलेख उघडून बसा. एकाला एकच उंच शिखर, दुसऱ्याला दहा शिखरं आणि मध्ये लांबलचक शांतता, तिसरा नुसताच हळूहळू चढून उतरणारा. असे आकार ओळखून वेगळे करण्याचं काम स्वयंसेवकांकडून करून घेणारे ऑनलाइन प्रकल्पही झाले आहेत, आणि त्यासाठी भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही.